नवी हिरोईन, जुनी पट्टी

(विंगेतून : वाचकांचे प्रश्न आणि एका म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याची उत्तरं)

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा उघडला तर अर्ध्याच्या वर पत्रं एकाच गोष्टीवर. एका चालू संगीत नाटकात मालिकेतली एक गाजलेली मुलगी हिरोईन म्हणून आली, जुनी बाहेर पडली, आणि सगळ्या मुंबईला अचानक रिप्लेसमेंट या विषयावर मत आलं. नाटकाचं आणि मुलीचं नाव मी घेणार नाही, तुम्हाला माहितीच आहे, नसेल तर शेजारी विचारा. जे नवीन वाचक आहेत त्यांच्यासाठी एवढंच की मी पंचवीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गन वाजवला, त्यामुळे मला नाटक दिसतं ते डाव्या कोपऱ्यातून आणि तिरकं. सरळ समोरून बघायची सवय अजून लागलेली नाही. चला, पत्रं.

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. कालिदासला त्या नाटकाचा प्रयोग लागलाय आणि ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदाच उभी राहणार आहे. मिसेसला त्याच प्रयोगाला जायचंय, मी म्हणतो दहा-पंधरा प्रयोग होऊ देत, जरा मुरू दे, मग जाऊ. कोणाचं बरोबर? (एक निवृत्त बँकवाले)

वहिनींचं. आता का ते ऐका.

नाटक कसं आहे हे बघायचं असेल तर तुमचं बरोबर, पंधराव्या प्रयोगाला जा, खुर्चीत रेलून बसा. पण नाटक कसं चालतं हे बघायचं असेल तर पहिल्या रात्रीसारखी रात्र नाही. फक्त एक करा, त्या मुलीकडे बघू नका. म्हणजे बघा, तिकीट तिच्यासाठीच काढलंय, पण एक डोळा तिच्या समोरच्यावर ठेवा.

आपल्याकडे रिप्लेसमेंट बसते कशी ते सांगतो. नव्या कलाकाराला कोणीतरी मागच्या रांगेतून शूट केलेला व्हिडिओ देतात, त्यात माणसं अंगठ्याएवढी दिसतात आणि शेजारच्याचा खोकला डायलॉगपेक्षा मोठा ऐकू येतो. मग एक-दोन प्रयोग विंगेत बसून बघायचे. मग तालीम. तालमीला आठ-दहा दिवस मिळाले तर नशीब, आणि त्यातही सगळे जण एकत्र असे दोन दिवस मिळाले तरी खूप, कारण हिरोचं शूटिंग घोडबंदरला, सासऱ्याचं फिल्मसिटीत, आणि कॉमेडी करणारा अजून दोन नाटकांत. मग नवीन मुलगी तालमीत कोणासमोर उभी राहते? बॅकस्टेजच्या पोऱ्यासमोर, जो हिरोचं स्क्रिप्ट हातात धरून वाचत असतो आणि प्रेमाचा सीन आला की लाजतो. रंगीत तालीम झाली तर झाली, नाहीतर पहिला प्रयोग हीच रंगीत तालीम.

त्यामुळे होतं असं की पहिल्या रात्री नव्या मुलीला तिचं सगळं पाठ असतं, घोटून घोटून पाठ असतं. गोंधळ होतो तो जुन्या मंडळींचा! दीडशे-दोनशे प्रयोग त्यांच्या अंगात दुसरीचा ठेका भिनलेला असतो. जुनी बाई एका वाक्यानंतर दोन सेकंद थांबायची, तिथे हशा यायचा, मग हिरो बोलायचा. नवी थांबत नाही किंवा भलतीकडेच थांबते, आणि मग तो दोनशे प्रयोगांचा मुरलेला हिरो हशात स्वतःचं वाक्य वाया घालवून मोकळा होतो, आणि प्रेक्षकांना वाटतं हिचं टायमिंग चुकलं. जुनी डावीकडून यायची तर सगळे सवयीने डावीकडे वळून उभे, आणि ही बिचारी दिग्दर्शकाने सांगितल्याप्रमाणे उजवीकडून येते. चांगला सहकलाकार असेल तर तो हे क्षणात सावरतो, बोलता बोलता दोन पावलं सरकून तिला उजेडात घेतो, तिच्या हातातला तांब्या विसरला असेल तर स्वतःच उचलून "हे घ्या, विसरलात" म्हणून देतो आणि त्यावर टाळी पण घेतो. हे बघायला मिळतं ते पहिल्या रात्रीच. पंधराव्या प्रयोगाला सगळं गुळगुळीत झालेलं असतं.

आणि मध्यंतरात वड्याच्या लाइनीत उभं राहून निकाल देऊ नका, दुसरा अंक बाकी असतो. पहिल्या अंकात तिचं निम्मं लक्ष साडीचा काष्टा सुटत नाही ना याच्यावर असतं, कारण तो काष्टा बऱ्याचदा जुनीच्या मापाचा शिवलेला असतो.

प्रश्न : तिकीट काढलं एकीला बघायला आणि उभी राहिली दुसरी, तर पैसे परत मागता येतात का? (बोरिवलीहून एक ताई)

आपल्याकडे हे निर्मात्याच्या मनावर. जाहिरातीत बदल छापला असेल तर फार वाद घालता येत नाही, ऐनवेळचा बदल असेल तर तिसऱ्या घंटेच्या आधी बुकिंगच्या खिडकीवर जाऊन नीट बोला, पडदा उघडल्यावर जाऊ नका. तिकडे न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर याचा एक ठरलेला रिवाज आहे, ज्या स्टारचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलंय तो नट त्या दिवशी नसेल तर पैसे परत किंवा दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळतं, नाव खाली असेल तर नाही. म्हणून तिथे नाव वर की खाली यावर वकील भांडतात. आपल्याकडे "आणि" लावून शेवटी नाव टाकायचं की चौकटीत टाकायचं यावर भांडतात, वकिलांशिवाय.

प्रश्न : माझी लेक न्यू जर्सीला असते. तिच्याकडे गेले की ती मला न्यूयॉर्कला एक तरी म्युझिकल दाखवतेच. तिथे म्हणे सेलिब्रिटी बदलत राहतात आणि लोक परत परत तेच नाटक बघतात, सेलिब्रिटीच्या पहिल्या रात्री तर उड्या पडतात. आपल्याकडे कलाकार बदलला की लोक नाक मुरडतात. असं का? (विलेपार्ल्याच्या एक आजी)

आजी, नाकं तिकडेही मुरडतात, फक्त तिकीट काढून आत बसून मुरडतात.

तुम्हाला एक ताजं उदाहरण सांगतो, लेकीला विचारा, तिला आठवत असेल. 'फनी गर्ल' नावाचं म्युझिकल, मूळ १९६४ चं, त्यात बार्ब्रा स्ट्रायसँड होती. त्या बाईने ते असं करून ठेवलं की त्यानंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षं ब्रॉडवेवर कोणी ते परत काढलंच नाही. एप्रिल २०२२ मध्ये काढलं, ऑगस्ट विल्सन थिएटरला, बीनी फेल्डस्टाइन नावाची नटी घेऊन. समीक्षकांनी तिच्या गाण्यावर बरंच लिहिलं, आणि ३१ जुलैला ती बाहेर पडली. तिच्या जागी ६ सप्टेंबरला आली लिया मिशेल. ही मुलगी 'ग्ली' या मालिकेत याच नाटकाची गाणी गायची, यातली हिरोईन व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मुलीचं काम तिने त्या मालिकेत वर्षानुवर्षं केलेलं. म्हणजे विचार करा, मालिकेत सहा वर्षं कोणी "मला एक दिवस 'मानापमान'मधली भामिनी करायचीय" म्हणत हिंडतंय आणि मग खरंच शिवाजी मंदिरला भामिनी म्हणून उभं राहतंय, तर काय होईल! तेच झालं. त्या रात्री मधेमधे नाटक थांबवून लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, दुसऱ्या दिवशी सगळीकडे तीच बातमी. आणि गंमत बघा, आठवडाही झाला नाही तोच तिला कोविडमुळे घरी बसावं लागलं.

मग नाटक कोणी केलं? ते पुढच्या प्रश्नात सांगतो, कारण तो प्रश्न विचारणारा पोरगा त्याच जागी अडकलाय.

पण तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. तिकडे सेलिब्रिटी बदलण्याला लोक सरावलेत कारण त्यांनी ते धंद्याचा भाग करून टाकलंय. 'हॅलो, डॉली!' घ्या. १९६४ च्या जानेवारीत कॅरल चॅनिंगने सुरू केलं, ती गेल्यावर जिंजर रॉजर्स आली, मग मार्था रे, बेटी ग्रेबल, १९६७ मध्ये तर निर्मात्याने सगळा संचच बदलून पर्ल बेलीला घेऊन पूर्ण कृष्णवर्णीय कलाकारांचं नाटक उभं केलं, आणि सगळ्यात शेवटी १९७० मध्ये एथेल मर्मन. आता मर्मन म्हणजे कोण, तर जिला डोळ्यासमोर ठेवून हे नाटक लिहिलं होतं आणि जिने सुरुवातीला नाही म्हटलं होतं ती! तिच्यासाठी आधी काढून टाकलेली दोन गाणी परत घातली. असे २८४४ प्रयोग झाले. एकेक नवीन डॉली आली की तेच लोक परत येणार, आधीची आणि ही असं घरी जाऊन भांडणार. 'शिकागो' १९९६ पासून चालू आहे ते बरंचसं याच जोरावर, २०२२ मध्ये पामेला अँडरसन पण येऊन गेली त्यात.

आणि त्यांची बसवायची पद्धत पण पक्की. आठवड्याला आठ प्रयोग, डान्स कॅप्टन नावाचा माणूस असतो त्याला प्रत्येकाचं प्रत्येक पाऊल पाठ, तो आणि स्टेज मॅनेजर मिळून नव्याला तयार करतात. शेवटी एक तालीम होते तिला पुट-इन म्हणतात, त्यात नवीन माणूस पूर्ण वेषात, आणि बाकीचे सगळे घरच्या कपड्यांत, जीन्स-बनियनमध्ये, कारण त्यांना रात्री परत प्रयोग आहे. मला हे दृश्य फार आवडतं, एकटी राणी मुकुट घालून आणि दरबार टी-शर्टात. आपल्याकडे अशी एक तरी तालीम सगळ्यांनी हजर राहून दिली ना, तर निम्मी नाकं सरळ होतील. पण सगळ्यांच्या डेट्स जुळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्यापेक्षा अवघड.

प्रश्न : सर, मी रुपारेलच्या एकांकिका करत वर आलोय. एका म्युझिकलमध्ये कोरसमध्ये आहे आणि मेन रोलचा कव्हर, म्हणजे मेन नट नसला की उभा राहणारा, तो पण मीच. मेन नट आजारी पडला तेव्हा सलग सोळा प्रयोग मी केले, दोन हाउसफुल गेले. आता निर्मात्याने वेब सिरीजमधला एक मोठा चेहरा आणलाय, आणि त्याला सगळं शिकवायचं काम माझ्याकडेच दिलंय. पहिल्या प्रयोगाला मी परत कोरसमध्ये मागे उभा. सोडून देऊ का? (नाव नको)

बाळा, पत्र दोनदा वाचलं तुझं.

आधी ती अर्धी राहिलेली गोष्ट. 'फनी गर्ल'मध्ये एक गेली ३१ जुलैला आणि दुसरी आली ६ सप्टेंबरला, मधला अख्खा महिना नाटक बंद नव्हतं. तो महिना ज्युली बेन्को नावाच्या मुलीने केला, जी तिथे स्टँडबाय होती. स्टँडबाय म्हणजे जी रोज थिएटरात येते, किंवा हाकेच्या अंतरावर राहते, आणि मेन नटी ठणठणीत असली की काही न करता घरी जाते. ऑगस्टभर रोज तिने ते केलं, लोकांना आवडली, आणि मग सेलिब्रिटी आल्यावर निर्मात्यांनी दर गुरुवारचा प्रयोग तिच्या नावावर लावला. सेलिब्रिटीला कोविड झाला तेव्हा परत हीच उभी. नाटक ३ सप्टेंबर २०२३ ला बंद झालं तोवर गुरुवार तिचाच.

हे तुला "बघ, कष्टाचं चीज होतं" असं सांगायला लिहीत नाहीये. नेहमी होत नाही. मी डोळ्यांनी बघितलेत असे पोरं जे अठरा अठरा प्रयोग ओढून मग कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत. मी तुला सांगतोय ते हे, की तू भांडायचं तर नेमकं काय मागून भांडायचं ते आता तुझ्याकडे आहे. निर्मात्याला जाऊन सांग की आठवड्यातला एक प्रयोग, दुपारचा चारचा का होईना, माझ्या नावाने जाहिरातीत लावा. सेलिब्रिटीच्या डेट्स कमी असतातच, त्याला दर शनिवार-रविवार जमणार नाही, हे निर्मात्यालाही माहिती आहे आणि तो तुला सांगणार नाही. दुसरं, शिकवायचे पैसे माग. प्रयोगाची नाइट, म्हणजे मानधन, वेगळं आणि शिकवणीची वेगळी. लाजू नकोस, तालमीचे दिवस मोजून माग.

आणि शिकव मात्र नीट. हातचं राखून शिकवलंस तर पहिल्या रात्री तो पडेल आणि त्याच्या मागे कोरसमध्ये तूच उभा असशील, सगळ्यात जवळून तुलाच बघावं लागेल ते.

सोडायचं की नाही हे एक प्रयोग झाल्यावर ठरव. लगेच मला कळव पण.

प्रश्न : आपल्या मराठी संगीत रंगभूमीवर अशी पहिली सेलिब्रिटी रिप्लेसमेंट कोणती? (गिरगावचा एक क्विझवाला)

पहिली-बिहिली मी ठरवणार नाही, क्विझवाले लगेच पत्रं लिहितात. पण मोठी रात्र कोणती ते सांगतो. ८ जुलै १९२१, मुंबई, बालीवाला थिएटर, संयुक्त मानापमान. खाडिलकरांचं नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, जे स्वतः पेटीवाले, म्हणून आमच्या जातीचा माणूस. भामिनी बालगंधर्व, आणि धैर्यधराच्या कामाला गंधर्व कंपनीचा नट नव्हे, ललितकलादर्शचे केशवराव भोसले! म्हणजे दोन हाडवैरी म्हणाव्या अशा कंपन्यांचे मालक एकाच पडद्यासमोर, टिळक स्वराज्य फंडासाठी. आजच्या भाषेत ही रिप्लेसमेंट नाही, पण त्या रात्रीचा प्रकार तोच, जुन्या बसलेल्या नाटकात बाहेरचा तळपता माणूस येऊन उभा राहणार, आणि लोक दोघांत सरस कोण ते बघायला आलेले. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, एकतीस वर्षांचं वय. म्हणून त्या रात्रीला एवढा मान.

दुसरी गोष्ट वारशाची. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये आलं, दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. त्यांच्यानंतर ते काम करायचं म्हणजे घसा आणि छाती दोन्ही लागते. २०१० मध्ये नातू राहुल देशपांडे त्या जागी उभा राहिला. त्याच्यापुढे प्रश्न नुसता "आधीचा नट बरा होता का" असा नव्हता, आधीचा नट आजोबा होता आणि लोकांच्या कानात रेकॉर्डसकट बसलेला होता. याच्यावर एक वेगळा लेख होईल.

प्रश्न : मी त्या मुलीचा पहिला प्रयोग पाहिला. अहो, दुसऱ्या अंकातलं गाणं तिने चक्क बेसूर सुरू केलं! चेहरा आहे म्हणून कोणालाही संगीत नाटकात उभं करायचं का? तुम्ही स्वतः ऑर्गनवाले, तुम्हाला राग येत नाही का? (दादरच्या एक संगीत शिक्षिका)

बाई, हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. रोज वाचायचो आणि परत खाली ठेवायचो.

तुम्ही शिक्षिका आहात तर तुम्हाला पट्टी समजावून सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. नाटकातलं गाणं एका पट्टीत बसवतात, म्हणजे पेटीवरची कुठली पट्टी 'सा' धरायची ते ठरवतात, आणि काळी पाच म्हणजे पाचवी काळी पट्टी. समजा जुनी हिरोईन काळी पाचमध्ये गायची, उंच, टोकदार आवाज. नवीन आली ती काळी तीनची. म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून चार स्वर खाली. हे दोन ओळींत लिहून झालं, करायला गेलं की काय काय हलतं बघा. तबल्याच्या जोड्या बदलायच्या. रेकॉर्ड केलेला ट्रॅक असेल तर तो खाली आणला की बासरी रडल्यासारखी वाजते, म्हणून परत रेकॉर्ड करायचा, त्याचे पैसे निर्माता देत नाही. मग द्वंद्वगीत. जुन्या पट्टीत हिरो आरामात गात होता, आता तीच ओळ चार स्वर खाली गेली की तो तळघरात उतरतो, त्याचा खर्ज ऐकून पहिल्या रांगेतली लहान मुलं दचकतात. मग त्याच्यासाठी ओळ फिरवायची, म्हणजे त्याने नवीन पाठ करायचं, दोनशे प्रयोगांनंतर. तो वैतागतो. हे सगळं एका मुलीच्या गळ्यासाठी, आणि तिच्या गळ्याची यात काही चूक नाही.

आणि ऑर्गनवाला? त्याला तर सगळ्यात अवघड, कारण त्याच्या बोटांना डोकं नसतं. दोनशे प्रयोग काळी पाचवरून सुरुवात केली की बोटं तिकडे आपोआप जातात, घरी जाताना रेल्वेत पाय जसे आपोआप तिसऱ्या डब्याकडे जातात तसे.

आता ऐका. बरीच वर्षं झाली. आमचंही एक चालू संगीत नाटक होतं, त्यातही जुनी गेली, सिनेमातली एक नटी आली. नाव नाही सांगणार, निर्मात्याचंही नाही. मुलीचा गळा बरा होता, मोठा नव्हता पण खरा होता, आणि मेहनत किती करावी! तालमीला वही घेऊन यायची, प्रत्येक गाण्यासमोर लिहिलेलं, "काळी तीन, काकांनी सूर दिल्यावर दोन मोजायचे." काका म्हणजे मी. तालमीत मी रोज काळी तीनवरून दिलं, एकदाही चुकलो नाही.

पहिला प्रयोग, रात्री साडेआठ, हाउसफुल. पहिला अंक छान गेला, एंट्रीला टाळ्या, नाट्यपदाला वन्स मोअर नाही पण बरी टाळी. दुसऱ्या अंकात मोठं गाणं. त्याच्या आधी एक विनोदी सीन होता, त्यात कॉमेडीवाल्याने त्या दिवशी नवीनच काहीतरी केलं आणि मी हसत बसलो, आणि हसता हसता क्यू आला, आणि माझं बोट सवयीने पडलं काळी पाचवर.

मला त्याच क्षणी कळलं. बोट उचलेपर्यंत तिने दोन मोजले होते.

ती काय करणार? वहीत लिहिलं होतं काकांनी सूर दिल्यावर गायचं. तिने तो सूर घेतला आणि सुरू केलं, चार स्वर वर, आणि पहिली ओळ कशीबशी काढली, दुसऱ्या ओळीत वरच्या स्वराला आवाज चिरला. अख्ख्या थिएटरने ऐकलं. मी गोठलो, तबलजी माझ्याकडे बघतोय, आणि तेवढ्यात आमचा म्हातारा नट, जो त्या सीनमध्ये नुसता झोपाळ्यावर बसून होता आणि ज्याला तिथे एकही वाक्य नव्हतं, तो उठला, तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "अगं पोरी, तुझ्या आईला पण हे गाणं चढायचं नाही. पाणी पी, आणि मला आवडतं तसं म्हण, खालच्या आवाजात." आणि वळून थेट माझ्याकडे बघितलं. मी काळी तीन दिली. तिने गाणं पहिल्यापासून म्हटलं आणि नीट म्हटलं. लोकांना वाटलं हे नाटकातच आहे. काहींनी टाळ्या पण दिल्या त्या म्हाताऱ्याला.

पण सगळ्यांना नाही वाटलं. दोन दिवसांनी परीक्षण आलं, त्यात तुमच्या पत्रासारखंच वाक्य होतं, चेहरा आहे पण सूर झेपत नाही. निर्मात्याने ते वाचून तिला बोलावलं. मी त्या खोलीच्या बाहेर उभा होतो आणि आत गेलो नाही. तेव्हा माझ्या मुलीचं कॉलेज चालू होतं, नाइटवर घर होतं, वगैरे वगैरे, कारणं माझ्याकडे भरपूर होती, अजून आहेत. ती आतून बाहेर आली तेव्हा रडत वगैरे नव्हती, मला म्हणाली, "काका, उद्या कुठला सूर देणार ते विंगेत सांगून ठेवा, मी त्याच्यातच म्हणेन." म्हणजे तिला माहिती होतं! आणि आत सांगितलं नव्हतं तिने.

तेव्हा दादरच्या बाई, तुम्ही बघितलेल्या प्रयोगात काय झालं मला माहीत नाही, मी तिथे नव्हतो. ती मुलगी खरंच बेसूर असेलही, असतात काही, आणि नुसत्या चेहऱ्यावर संगीत नाटकात माणूस उभा करू नये हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण परत कधी पहिल्या प्रयोगाला गेलात आणि गाणं असं उंचावर सुरू झालेलं ऐकलंत, तर क्षणभर डाव्या कोपऱ्यात बघा, तिथला माणूस कुठे बघतोय ते. त्याने मान खाली घातली असेल तर ओळखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केमिस्टकडून चिकटपट्टी आणली आणि तिचा एक तुकडा काळी तीनवर लावला, म्हणजे अंधारात बोटाला खरखरीत लागावं. त्या नटीने त्या नाटकाचे नंतर नव्वद प्रयोग केले. ऑर्गन आता घरी आहे, नात त्यावर वाजवते, आणि दर वेळी विचारते की आजोबा ही एकच पट्टी खरखरीत का आहे. हा अंक तिच्या हातात पडणार आहे, तेव्हा तिलाही आता कळेल.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना अक्षर मोठं काढा, चष्म्याचा नंबर वाढलाय.)